एका रोपावर दोघं

२४ एप्रिल

ही डायरी खताच्या दुकानदारानं माझ्या पोराला, विनूला, फुकट दिली होती. दोन वर्षं कपाटावर पडून होती. आज झटकली आन् घेतली. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत बसले होते, पण पाठची बहीण झाली आन् तिला कडंवर घ्यायला घरी राहिले. तरी लिहायला येतंय. जोडाक्षर आलं की मी थोडी थांबते, एवढंच.

लिहायचं कारण असं की मला संशय आलाय. संशय तोंडानं बोलला की घरात भांडण होतंय. कागदावर लिहिला तर कागद काय भांडणार?

माझी नात ऋतुजा काल नांदेडहून पंजाबाकडच्या गाडीत बसून गेली. हिमालयात. सहा जण हायेत. दोन महिने पाठीवर सॅक घेऊन पायी हिंडणार, मधी मधी शिखरं चढणार. मला शिखर म्हणलं की देवळाचं माहीत. मी म्हणले, "शिखराला हात जोडायचे असतेत. तिथं पाय द्यायचा असतोय का गं?"

"डोंगराचं शिखर, आजी."

"मग तिथं देव कोणता?"

"कोणताच न्हाई. काहींना तर नाव पण न्हाई, नुसता आकडा."

आता सांगा, ज्या जागेला नाव न्हाई तिथं कोण जातंय?

परवा ती आंघोळीला गेली तवा मी तिची सॅक उपसली. वासरावानी जड. एक कुऱ्हाड निघाली, जिच्यानं काटकीसुदिक तुटायची न्हाई. बुटाला लावायचे लोखंडाचे दात. लोकरीचे हातमोजे, लोकरीची टोपी. निलंग्यात बेचाळीसचं ऊन पडलंय, आन् पोरगी लोकर भरून नेतीय. मी कोपरान् कोपरा चाचपला. लपवायची चीज एकबी सापडली न्हाई. हेच मला खटकलं.

स्टँडवर विनूनं तिला समोर उभी केली. विनू मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी हाय, काट्यावर पोतं चढलं की वजन पुकारतो. घरीबी तसाच पुकारतो. म्हणला, "ऐक. आंगाला जरा जरी लागलं तरी हे डोंगर बंद. मग तो पावसाळ्यानंतरचा डोंगराचा कोर्स बी न्हाई, चढाई शिकवणारी होणं बी न्हाई. हदगावच्या पाहुण्यांना मी होकार कळवणार. कबूल?"

"कबूल, बाबा."

एवढ्या पटकन कबूल? बस सुटल्यावर सून म्हणली, "आत्या, रडू नका." मी रडत नव्हते, इचार करत होते.

२ मे

फोन आला. लई आनंद झाला, कान दुखस्तोवर बोलले. ती म्हणली, "आज वरती रोप लावला, आजी. उद्या त्याच्यावरून चढायचं."

मी म्हणले, बर्फात रोप? कशाचं? जगंल का? आन् आज लावलेलं रोप, उद्या तुझं वजन कसं पेलंल? ती हसायला लागली. मग म्हणली, "मी एकटी न्हाई, एका रोपावर दोघं असतो. मी आन् संगमेश्वर."

फोन कटला.

कोण संगमेश्वर? सहा जणांची नावं मला पाठ करवून गेली होती. तेच्यात समीक्षा होती, दोन बंगाली होते, हा बी होता म्हणे. मला तर संगीता ऐकू आलं होतं. मी रोज संगीताच्या नावानं देवाला दिवा लावत होते.

सुनेनं, रूपालीनं, खुलासा केला. रोप म्हणजे दोर. इंग्रजीत दोराला रोप म्हणतेत. वाकडं तिकडं बर्फ असलं की दोघं जण एकाच दोरानं कमरंला बांधून चालतेत. एक पडला तर दुसरा धरतो.

म्हणजे गाठ मारतेत. एक पोरगी, एक पोरगा, मधी गाठ. आमच्यात ती कवा मारतेत हे मी रूपालीला सांगायची गरज न्हाई, तिची मीच मारली होती.

९ मे

फोटो आलाय. नुसतं पांढरं, जशी कपाशीची वखार उघडली. तेच्यात लाल कपड्यातली आमची बाई पुढं, मागं उंच पोरगा, मधी निळा दोर. दोघांनी काळे चष्मे घातलेत. डोळे झाकले की माणूस काय इचार करतंय ते कळत न्हाई, म्हणून घातले असतील.

शेजारच्या नागम्माला फोटो दाखवला. ती भालकीकडची, तिकडून लग्न होऊन चाळीस वर्षांखाली आली, अजून मराठी कानडीत बोलते. तिनं फोटो नाकाला लावून पाहिला. "अय्यो! अक्का, हे तर फेरे घेतल्यासारखं हाय की."

"फेऱ्यात नवरी मागं असती, नागम्मा. ही पुढं हाय."

"मग आजकालचे फेरे आसतील."

मी तिला गप्प बस म्हणले. पण माझ्या मनातलंच तिच्या तोंडातून आलं, म्हणून राग बी आला. पोरगं मात्र दिसायला बरं हाय. खांदे रुंद. मुदखेडचं हाय म्हणे, बाप रेल्वेत फाटकावर होता.

२० मे

अकरा दिवस फोन न्हाई. मधी लिहिलं न्हाई कारण लिहायला कायी नव्हतं, नुसता घोर होता. विनू मोंढ्यातून आला की आधी पाणी मागायचा, आता आधी विचारतो, "आला का?" न्हाई म्हणलं की पाणी बी मागत न्हाई.

आज दुपारी वाजला. नाव ऋतुजाचं, आवाज बाप्याचा. "आजी, मी संगमेश्वर. ऋतुजा ठीक हाय, खाली गावात आलोय. ती झोपलीय."

मी म्हणले, "तिचा फोन तुझ्यापाशी कसा?"

तो म्हणला, "तिला सध्या जरा तकलीफ होतीय फोन धरायला… म्हणजे थकलीय ना, आजी."

तिचा फोन तेच्या हातात. ती झोपलेली तेला माहीत. घराचा कारभार असाच सुरू होतोय.

२३ मे

आज मी सगळं पाहिलं. आता संशय न्हाई, पुरावा हाय.

चेहरा दिसणारा फोन आला. ऋतुजा लई वाळली, नाकाची साल निघाली, पण हसत होती. उजवा हात शालीखाली. मी म्हणले, "हात बाहेर काढ, मला दोन्ही हात हलवून दाखव जसं लहानपणी दाखवायचीस." ती म्हणली, "थंडी हाय, आजी." डावा हात उघडा, उजव्याला तेवढी थंडी. मग म्हणली ठेवते, पण फोन बंद न करताच उशीला टेकवून ठेवला. मी बी बंद केला न्हाई. रूपाली भाकरी थापत होती, तिला हाक मारली न्हाई.

पांढऱ्या कपड्यातली एक बाई आली. हातात स्टीलचं ताट, तेच्यात कापूस. वातींसाठीच असणार. ओवाळायला दुसरं काय लागतंय? ती उजव्या बाजूला बसून लई वेळ कायतरी करत होती. ऋतुजानं दोनदा डोळे मिटले. माझं लग्न लागताना मी बी डोळे मिटले होते.

बाई गेली. मग तो संगमेश्वर आला, वाटीतून भात कालवला, आन् तिला घास भरवला. एक न्हाई, मी मोजले, सात. तेच्या डोळ्यांत पाणी होतं. बाप्या माणसाच्या डोळ्यांत पाणी एकतर तंबाखूची पूड गेल्यावर येतंय, न्हाईतर घास भरवताना.

दोर, गाठ, ताट, घास. आन् शालीखाली लपवलेला हात. त्या हातावर मेंदी न्हाई तर काय असंल?

मला रडू बी आलं आन् हसू बी. झालं असंल तर झालं. पण मला सांगायचं न्हाई? तिला लहानपणी गोवर आला तवा पंधरा दिवस मांडीवर कुणी घेतलं होतं?

२५ मे

नागम्माला सांगितलं. पोटात राहीना. म्हणले, कुणाला बोलू नको. ती म्हणली, "अक्का, माझ्या पोटात गेलेलं भायेर येत न्हाई." तिला बारा महिने अपचन असतंय, मला तवाच कळायला पाहिजे होतं. पण हे मी नंतर लिहीत न्हाई, ती बोलंल असा आत्ताच संशय येऊन राहिलाय.

विनूला कायी बोलले न्हाई. तो रागानं लाल होईल. हदगावच्यांना शब्द द्यायचा राहिलाय एवढंच.

२८ मे

घरात कुणी न्हाई असं पाहून मीच फोन लावला. रूपालीनं हिरवं बटण दाखवून ठेवलंय. झालेलं बोलणं जसं झालं तसं लिहिते, कारण ते मला जपून ठेवायचं हाय.

मी म्हणले, "ऋतू, त्या दिशी फोन चालूच राहिला होता. मी समदं पाहिलं."

ती म्हणली, "काय पाहिलंस?"

"पांढऱ्या कपड्यातली बाई. ताट. कापूस. तेनं भरवलेलं."

"मग तुला कळलंच."

"न कळायला मी काय काल जन्मले?"

"आजी, बाबांना सांगू नकोस. प्लीज. मी आल्यावर माझ्या तोंडानं सांगणार हाय."

"मी कशाला सांगू? मला एवढंच सांग, रंग कसा आलाय?"

मग म्हणली, "काळा. दोन बोटांची टोकं पार काळी पडलीत."

मी म्हणले, "मग भिऊ नको. बोटांची टोकं काळी होतेतच. जितका काळा तितका चांगला."

"खरंच?"

"अगं, माझा तर महिनाभर उतरला न्हाई."

"तुला पण झालं होतं?"

"न होऊन कसं चालंल!"

"मग… काय केलंस?"

"काय करायचं? नखासंगं वाढत वाढत आपोआप गेलं. हात पुन्हा व्हता तसा."

ती रडायला लागली. म्हणली, "इथं पण वाट बघा म्हणतेत. दोन-तीन महिन्यांत कळेल म्हणतेत. आजी, तू बोललीस ना, आता मला भीती न्हाई वाटत."

एवढं काय रडायचं? पण माहेर लांब असलं की मेंदीच्या गोष्टीनं बी रडू येतंय. नातीनं आईच्या आधी मला सांगितलं. संध्याकाळी रूपालीला गुळाचा शिरा करायला लावला. ती म्हणली, "आज काय हाय, आत्या?" मी म्हणले, "उन्हाळा."

८ जून

आग लागली.

हदगावहून फोन आला. विनूनं घेतला. तिकडून म्हणले, "तुमच्या पोरीचं हिमालयात लग्न झालं असं आमच्या कानावर आलं, पाव्हणं. आम्हाला फशिवता का?" विनूचं तोंड पोत्यावानी झालं. फोन ठेवला आन् विचारलं, "माय, हे कुठून निघालं?"

मी म्हणले, "लोकांचं तोंड कुणी धरलंय?"

नागम्माची भाची हदगावला दिलेली हाय. मी गेले तिच्या दारात. "तुझ्या पोटातून भायेर येत न्हाई ना?"

"अक्का, मी कुणालाबी न्हाई बोलले. नुसतं भाचीला बोलले. ती घरचीच हाय की!"

विनू जेवला न्हाई. रूपालीला म्हणला, "येऊ दे तिला. खरं असंल तर बघतो, खोटं असंल तर बोलणाऱ्याला बघतो." दोन्हीकडून माझीच पाळी हाय.

मला पहिल्यांदा वाटलं, आपण पाहिलं ते नीट पाहिलं का?

मग वाटलं, सात घास कुणी उगाच भरवतंय का?

१९ जून

आली.

विनू मोंढ्यात होता. मी आन् रूपाली स्टँडवर. मी कासाराकडून हिरव्या बांगड्या घेऊन पदरात बांधल्या होत्या. रूपालीला ठाऊक नव्हतं. नांदेडच्या बसमधून आधी तो उतरला, पाठीवर दोन सॅक, तिची आन् तेची. मग ती. आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. मी म्हणले, आण तो हात. उजवा हात धरून शालीतून बाहेर ओढला.

करंगळी आन् तेच्या जवळचं बोट. टोकाकडून पहिल्या पेरापर्यंत काळं, वाळलेलं, चिंचेच्या जुन्या टरफलासारखं. मेंदी नव्हती. ते जळाल्यासारखं होतं, आन् थंडीनं जळलेलं होतं.

रूपालीनं तोंडाला पदर लावला. ऋतुजा माझ्याकडंच बघून हसत होती. आईला म्हणली, "आजीला सगळं माहीत होतं. तिच्याचमुळं मी धीर धरला."

मी म्हणले, "हाव. माहीत होतं."

हे खोटं मी बोलले. इथं खरं लिहून ठेवते. तेवढ्या एका गोष्टीला ती तीन आठवडे धरून बसली होती, ती मी स्टँडवर कशी काढून घेऊ? बांगड्या पदरातच राहिल्या. बसताना एक फुटली, कुणी ऐकलं न्हाई.

संध्याकाळी विनू आला. पोरगा दारात उभा राहिला, पाया पडला, म्हणला, "काका, तिच्याआधी मी बोलतो."

विनू म्हणला, "लग्न केलंत का तुम्ही?"

ऋतुजा म्हणली, "कुणाचं?"

मी पाणी आणायला आत गेले. दाराआडून ऐकलं.

पोरगा सांगत होता. "नाव नसलेल्या शिखरावरून उतरताना, काका. बर्फाखाली भेग होती, दिसली न्हाई. मी गेलो आत. वर ही एकटी, बाकीचे लई मागं. हिनं कुऱ्हाड बर्फात रोवली, पालथी पडली, आन् माझं वजन कमरंवर धरलं. दोर अडकवायला हातमोजा काढावा लागला, तो वाऱ्यानं उडून गेला. उघड्या हातानं लोखंड धरून राहिली. ते येईपर्यंत चाळीस मिनिटं."

विनू म्हणला, "सुटत नव्हता का दोर?"

"चाकू होता तिच्या कमरंला."

विनूनं तिचा हात घेतला, उजेडात नेला, उलटा केला, सुलटा केला. मग सोडला. "डाक्टर काय म्हणतेत?"

"टोकं कदाचित आपोआप गळून पडतील. बाकी हात चांगला हाय, बाबा. धरता येतंय."

विनू म्हणला, "शर्त ठरली होती. तू कबूल म्हणलीस."

"हो."

"मग बास." आन् उठून बाहेर गेला. ऋतुजा रडली न्हाई, रडली असती तर बरं झालं असतं. डाव्या हातानं भाकर मोडायचा प्रयत्न करत बसली. मला आतापर्यंत वाटत होतं की ती आमच्यापासून पोरगा लपवून राहिलीय. ती तर तिचा डोंगर वाचवून राहिली होती.

हदगावचं मी बाहेर जाऊन सांगितलं विनूला. माझ्या पोटातून नागम्माच्या पोटात गेलं, म्हणले. तो ओरडलाबी न्हाई. नुसतं विचारलं, "त्या पोराचं वजन किती असंल गं, माय?"

मी म्हणले, "मला काय ठाऊक? त्यालाच विचार."

पोरगा आतून म्हणला, "बहात्तर किलो, काका."

"बहात्तर," विनू म्हणला, आन् झोपायला गेला.

२० जून

सकाळी विनू त्या पोराला म्हणला, "चल मोंढ्यात. त्या दिशी आंगावर जे जे होतं ते समदं घाल." पोरानं जाड कोट घातला, बूट घातले, लोखंडी दात लावले, सॅक भरली, दोर खांद्यावर. गल्लीतली पोरं मागं लागली. मी बी गेले, तुरीचा भाव बघायचा हाय म्हणून.

विनूनं तेला काट्यावर उभा केला. समदे हमाल जमले. घामानं पोरगं पाणी पाणी झालं. आकडा हलला, थांबला. विनू मोंढ्यात पुकारतो तसा पुकारला, "ब्याण्णव किलो तीनशे!"

मग हळू म्हणला, "बहात्तर म्हणला होतास."

"ते नुसतं माझं, काका."

ग्यानोबा हमाल पन्नाशीचा, छाती काढून म्हणला, "ब्याण्णव तर मी रोज पाठीवर नेतो की, मालक."

विनू म्हणला, "घे मग तेला. आन् चाळीस मिनिटं एका जागी धरून ऱ्हा. पाठीवर न्हाई, हातावर."

ग्यानोबा हसला, बाकीचे बी हसले. विनू हसला न्हाई. तेनं काट्याच्या पाटीवर हात ठेवला, पोरगं खाली उतरल्यावर आकडा शून्य होईस्तोवर बघत राहिला. मोंढ्यात काट्याची एवढी वाट तेनं कवा बघितली न्हाई.

दुपारी घरी जेवायला बसला. ऋतुजा समोर, डाव्या हातात चमचा. विनूनं आमटी ओतून घेतली, एक घास खाल्ला, आन् ताटाकडंच बघत म्हणला, "पुढच्या टायमाला हातमोजे नाडीनं बाहीला बांधून घे. तिकडल्या वाऱ्याचा काय भरवसा."

रूपालीची पळी पातेल्यातच राहिली. ऋतुजानं वर बघितलं न्हाई. मी बी न्हाई. पुढच्या टायमाला म्हणला तो, मी माझ्या कानानं ऐकलं. आम्ही तिघी मान खाली घालून गपचिप जेवत राहिलो, कुणाचा आवाज झाला तर तो शब्द परत घेईल म्हणून.